डिस्क्रीट मॅथसाठी एमआयटीचा फुकटचा कोर्स: कसा आहे, कोणासाठी आहे, कोणासाठी नाही

आधी निकालच सांगून टाकतो म्हणजे ज्यांना घाई आहे ते इथूनच सटकतील. कॉम्प्युटर सायन्स करताय, डिस्क्रीट मॅथ (सुट्या, मोजता येणाऱ्या गोष्टींचं गणित) खरंच समजून घ्यायचंय आणि कागद-पेन घेऊन तासन्‌तास बसायची तयारी आहे, तर एमआयटीच्या ओपनकोर्सवेअर ह्या फुकट कोर्सच्या साइटवरचा मॅथेमॅटिक्स फॉर कॉम्प्युटर सायन्स हा कोर्स डोळे झाकून सुरू करा. पण परीक्षा तोंडावर आलीय आणि ट्रूथ टेबल, हॅसे डायग्राम, ग्रुप, लॅटिस यांची ठराविक गणितं पटापट सुटायला हवीत असं असेल तर ह्याच्या नादी लागू नका, वेळ जाईल आणि हाती काही लागणार नाही, म्हणजे लागेल पण परीक्षेनंतर.

कोर्सचा जुना नंबर ६.०४२, आता एमआयटीने नंबर बदललेत त्यामुळे नवा ६.१२००, शोधताना दोन्ही टाकून बघा. ह्याच्या एकापेक्षा जास्त आवृत्त्या नेटवर आहेत आणि तिथेच लोकांचा घोळ होतो. २०१० ची आहे ती टॉम लेटन आणि मार्टेन व्हॅन डाइक यांची, २५ लेक्चर, खडू-फळा, बरीचशी सव्वा तासाच्या आसपासची. २०१५ ची आहे ती अल्बर्ट मेयर आणि अ‍ॅडम च्लिपाला यांची, त्यात छोटे छोटे व्हिडिओ आणि मध्ये मध्ये प्रश्न. २०२४ चं नवीन रेकॉर्डिंग पण आहे. मी मुख्यतः २०१० बद्दल लिहितोय कारण शिकवणं बघायचं असेल तर तेच. हे लेटन म्हणजे अकामाई ह्या, वेबसाइटचा मजकूर जगभरच्या सर्व्हरवरून पोचवणाऱ्या कंपनीच्या संस्थापकांपैकी एक, आणि ते जाणवतं, कारण थिअरम सिद्ध करून झाल्यावर हा माणूस सहज सांगून जातो की हे आम्ही सर्व्हरवर वापरतो.

आता मुद्द्याचं. ह्या कोर्सचा खरा विषय प्रूफ आहे. ग्राफ (ठिपके आणि त्यांना जोडणाऱ्या रेघा), मॉड्युलो (भागाकाराच्या बाकीचं गणित), काउंटिंग, प्रॉबॅबिलिटी ही सगळी त्यासाठीची निमित्तं आहेत असं माझं मत झालंय. बहुतेक ठिकाणी डिस्क्रीट मॅथ म्हणजे वीस-पंचवीस व्याख्या, तेवढेच फॉर्म्युले आणि प्रत्येकाखाली तीन सोडवलेली उदाहरणं, मुलं घोकतात आणि पास होतात. मध्यंतरी एका पेड अ‍ॅपवरचा कोर्स बघितला (नाव नको), त्यात इंडक्शनला (पहिल्या संख्येला खरं, आणि एकीला खरं असेल तर पुढचीलाही खरं, म्हणून सगळ्यांना खरं, अशी प्रूफची पद्धत) 'एन च्या जागी एन अधिक एक टाका आणि दोन्ही बाजू सारख्या करा' एवढंच सांगितलेलं, का करायचं ते शेवटपर्यंत नाही. इथे पहिल्या लेक्चरपासून उलटं आहे. एन वर्ग अधिक एन अधिक ४१ ही राशी घेतात. एन शून्य असताना ४१, एक असताना ४३, दोन असताना ४७, सगळे प्राइम, आणि असं करत करत एन ३९ पर्यंत एकही अपवाद नाही. ४० वेळा टेस्ट पास झाली की आपण कोड मर्ज करून घरी गेलो असतो. एन ४० ला उत्तर येतं १६८१, म्हणजे ४१ गुणिले ४१. संपलं.

त्याच्याही पुढचं उदाहरण ऑयलर ह्या गणितज्ञाचं. तीन चौथ्या घातांची बेरीज परत एक चौथा घात होऊ शकत नाही असा त्याचा १७६९ चा अंदाज होता, दोनशेपेक्षा जास्त वर्षं कोणाला तो मोडता आला नाही, आणि शेवटी १९८० च्या दशकात मोडला. सगळ्यात लहान अपवादात ९५८००, २१७५१९ आणि ४१४५६० यांचे चौथे घात मिळवले की ४२२४८१ चा चौथा घात येतो. आता सांगा, युनिट टेस्टमध्ये हे आकडे कोणी टाकले असते का. प्रूफ कशाला लागतं हा प्रश्न यानंतर परत पडत नाही, आणि अ‍ॅपवाल्यांनी नेमकं हेच गाळलेलं असतं.

इंडक्शनवरची लेक्चर मला फार आवडली. सगळे घोडे एकाच रंगाचे हे 'सिद्ध' करून दाखवतात आणि माशी कुठे शिंकली ते तुम्ही शोधायचं (एकावरून दोनवर जाताना गाडी घसरते, बाकी सगळीकडे ठीक चालते, म्हणूनच चटकन सापडत नाही). पण खरी मजा ठोकळ्यांच्या खेळात आहे. आठ ठोकळ्यांची एक चवड घ्या. दर वेळी कुठल्याही एका चवडीचे दोन भाग करायचे, दोन भागांतल्या ठोकळ्यांचा गुणाकार म्हणजे तुमचे पॉइंट, सगळे ठोकळे सुटे होईपर्यंत खेळायचं आणि जास्तीत जास्त पॉइंट मिळवायचे. समजा बरोबर मधून तोडलं, ४ आणि ४, मिळाले १६. मग दोन्ही चवडी २-२ अशा तोडल्या, प्रत्येकी ४ म्हणजे अजून ८. मग चार जोड्या सुट्या केल्या, अजून ४. एकूण २८. आता दुसरी पद्धत, दर वेळी वरचा एकच काढायचा: ७, ६, ५, ४, ३, २, १, बेरीज परत २८. काहीही करा २८ च येतात, डोकं चालवायला जागाच नाही! हे स्ट्रॉंग इंडक्शनने सिद्ध होतं, आणि साधं इंडक्शन इथे का पुरत नाही ते पण इथेच कळतं कारण चवड एन वरून एन वजा एक वर जात नाही, ती कुठेही तुटू शकते, त्यामुळे सगळ्या लहान चवडींबद्दलचं गृहीत हाताशी लागतं.

ह्यावर माझं एक, थोडं विषयांतर होईल पण सांगतोच. हीच गोष्ट इंडक्शनशिवाय दोन ओळीत होते. चवड तोडताना गुणाकार म्हणजे काय, तर ह्या तुकड्यातला एक आणि त्या तुकड्यातला एक अशा जेवढ्या जोड्या वेगळ्या झाल्या तेवढे पॉइंट. शेवटी प्रत्येक जोडी बरोब्बर एकदाच वेगळी होते. आठातून दोनच्या जोड्या २८. झालं. इंडक्शन तुम्हाला हे खरं आहे एवढं पटवतं, जोड्या मोजल्या की का खरं आहे ते दिसतं. काउंटिंगची लेक्चर बघून झाल्यावर परत मागे येऊन हे स्वतः करून बघा, वेगळीच मजा आहे.

नंबर थिअरीचा भाग दोन लेक्चरचा. सुरुवात ३ आणि ५ गॅलनच्या भांड्यांनी ४ गॅलन पाणी मोजायच्या कोड्याने होते, लहानपणीचं कोडं वाटतं, पण मग विचारतात की ३ आणि ६ ची भांडी दिली तर ४ मोजता येतील का. नाही, कारण भरा-ओता काहीही करा, भांड्यातलं पाणी कायम दोघांच्या मसाविच्या पटीतच राहतं, आणि ३ च्या पटीत ४ येत नाही. हे 'कायम तसंच राहतं' म्हणजे इन्व्हेरियंट, आणि प्रोग्राममधला लूप बरोबर आहे हे सिद्ध करताना हीच कल्पना लागते, फक्त कॉलेजात लूप इन्व्हेरियंट शिकवताना भांडी कोणी दाखवत नाही. भांड्यांमधूनच युक्लिडची मसावि काढायची रीत येते, तिच्यातून मॉड्युलोचा इन्व्हर्स (ज्याने गुणलं की बाकी १ येते ती संख्या), आणि इन्व्हर्समधून थेट १९७७ च्या आरएसए ह्या मेसेज गुप्त करायच्या पद्धतीपर्यंत पोचवतात. एवढं सरळ रेषेत हे मी दुसरीकडे बघितलेलं नाही.

इथे व्हिडिओ थांबवून हाताने एक आरएसए कराच. प्राइम ३ आणि ११ घ्या, गुणाकार ३३. एकेकातून एक वजा करून गुणाकार, २ गुणिले १० म्हणजे २०. पब्लिक की ३ घ्या, प्रायव्हेट की ७, कारण ३ साते २१ आणि २१ ला २० ने भागलं की बाकी १. मेसेज समजा ४. ४ चा घन ६४, ३३ ने भागून बाकी ३१, हा झाला गुप्त मेसेज. उलट यायला ३१ चा सातवा घात काढायचा, बापरे वाटतं, पण मॉड्युलो ३३ मध्ये ३१ म्हणजेच उणे २, आणि उणे २ चा सातवा घात उणे १२८, त्यात १३२ मिळवा, ४. मेसेज परत हातात. कॅल्क्युलेटर लागला नाही. हे एकदा हाताने केलं की मॉड्युलर अ‍ॅरिथमेटिकची भीती निघून जाते, आणि न करता नुसतं लेक्चर बघितलं तर मात्र पालथ्या घड्यावर पाणी.

ग्राफ थिअरी बऱ्यापैकी मोठी आहे, कलरिंग, मॅचिंग, स्पॅनिंग ट्री, नेटवर्क वगैरे. सुरुवात एका सर्व्हेने होते, पुरुषांचे सरासरी जोडीदार बायकांच्या जोडीदारांपेक्षा कितीतरी जास्त असं निष्पन्न झालेला सर्व्हे. लोक लगेच समाजशास्त्रात घुसतात. पण ग्राफ काढा, एका बाजूला पुरुष, एका बाजूला बायका, जोडी असेल तिथे रेघ. रेघा डावीकडून मोजा नाहीतर उजवीकडून, संख्या तीच. म्हणजे दोन सरासरींमधला फरक फक्त लोकसंख्येच्या प्रमाणावर ठरतो, कोण कसं वागतं ह्याचा काही संबंधच नाही, आणि लोकसंख्या जवळपास सारखी असेल तर सर्व्हेत कोणीतरी थापा मारलेल्या आहेत. एका ओळीचं प्रूफ आणि पूर्ण बातमी खलास.

स्टेबल मॅचिंग (अशा जोड्या लावायच्या की कोणी दोघं आपापले जोडीदार सोडून एकमेकांकडे जायला बघणार नाहीत) हे तर अख्ख्या कोर्समधलं माझं आवडतं लेक्चर. गेल आणि शॅप्ली यांचा १९६२ चा अल्गोरिदम, पुढे २०१२ चं अर्थशास्त्राचं नोबेल शॅप्ली आणि रॉथ यांना मिळालं त्याच्या मुळाशी हेच काम (गेल तोपर्यंत वारले होते). मुलं मागणी घालतात, मुली आलेल्यातल्या सगळ्यात बऱ्याला थांबवून ठेवतात, बाकीच्यांना नाही म्हणतात, नकार मिळालेले पुढच्या नावाकडे जातात. बघताना वाटतं सगळी सत्ता मुलींच्या हातात, कारण निवड त्या करतायत. प्रूफ सांगतं बरोबर उलटं: मागणी घालणाऱ्या प्रत्येकाला त्याला शक्य असलेल्यातली सगळ्यात चांगली जोडीदार मिळते आणि थांबवून ठेवणाऱ्या प्रत्येकीला तिला शक्य असलेल्यातला सगळ्यात वाईट. हे ऐकल्यावर मी व्हिडिओ मागे नेऊन परत बघितला. आणि मग लेटनचं ठरलेलं, की ह्याचंच एक रूप अकामाई वेबचा ट्रॅफिक सर्व्हरना वाटून द्यायला वापरते.

सम्स (लांबलचक बेरजा) आणि रिकरन्स (पुढचं पद आधीच्या पदांवरून काढायची समीकरणं) यांबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. उपयोगाचं आहे, अल्गोरिदम शिकताना लागणारच, पण फळाभर बीजगणित आहे आणि झोप येते. कॅल्क्युलसचं इंटिग्रेशन विसरला असाल तर आधी झटकून घ्या, बेरजांना वरखाली मर्यादा घालायला ते लागतं. त्यातल्या त्यात टेबलाच्या कडेवर ठोकळे रचून किती बाहेर नेता येतात तो भाग बघा, चार ठोकळ्यांत सगळ्यात वरचा २५ भागिले २४ ठोकळा बाहेर जातो, म्हणजे अख्खाच्या अख्खा टेबलाबाहेर, आणि तरी पडत नाही.

काउंटिंगला फक्त दोन लेक्चर आहेत आणि हे मला कमी वाटलं. शिकवलंय छान, बुककीपर ह्या इंग्रजी शब्दाची अक्षरं किती प्रकारे मांडता येतील (१५१२००) त्यावरून जो नियम काढतात तो कायमचा लक्षात राहतो. पण काउंटिंग हा असा प्रकार आहे की लेक्चरमध्ये प्रत्येक पायरी पटते आणि स्वतः पहिलं गणित घेतलं की एकच गोष्ट दोनदा मोजली जाते, आणि उत्तर चुकलंय हे कळायला काही मार्गच नसतो. इथे लेक्चरपेक्षा तिप्पट वेळ प्रॉब्लेमना द्या. एक उपाय सांगतो, मोठं गणित असेल तर तेच ३ किंवा ४ वर आणा आणि सगळ्या शक्यता लिहून काढा, किंवा दहा ओळींचा प्रोग्राम लिहून मोजून घ्या. प्रोग्रामर आहोत तर तेवढा फायदा घ्यायला काय हरकत आहे.

शेवटचा एक तृतीयांश कोर्स प्रॉबॅबिलिटी आहे आणि तो बघून काही जण म्हणतात हे कशाला डिस्क्रीट मॅथमध्ये. असू दे. मॉन्टी हॉलचं कोडं (तीन दारं, एकामागे बक्षीस, तुम्ही एक निवडलं की सूत्रधार उरलेल्यातलं एक रिकामं दार उघडून विचारतो, बदलायचंय का; दार बदललं तर जिंकायची शक्यता दोन तृतीयांश, नाही बदललं तर एक तृतीयांश) सगळ्यांनी ऐकलेलं असतं, पण इथे त्यावर वाद न घालता झाड काढायला लावतात: सगळ्या शक्यता मांडा, त्यातल्या आपल्या कामाच्या निवडा, प्रत्येकीची प्रॉबॅबिलिटी लिहा, बेरीज करा. चार पायऱ्या, अंदाजपंचे काही नाही. कंडिशनलवाली गणितं ज्यांच्या डोक्यावरून जातात त्यांनी फक्त हे झाड शिकलं तरी निम्मं काम होतं.

आणि २५ वं लेक्चर, रँडम वॉक. रूलेटवर (कसिनोतलं लाल-काळ्या घरांचं फिरतं चाक) दर वेळी एक डॉलर लालवर लावायचा, जिंकायची शक्यता १८ भागिले ३८, म्हणजे निम्म्याला जरासंच कमी. खिशात १००० डॉलर आहेत, १०० जिंकले की उठायचं. नाणं सरळ असतं तर १००० घालवायच्या आधी १०० जिंकायची शक्यता ११ पैकी १०. रूलेटवर? ३७००० मध्ये एक, त्याहूनही जरा कमी. वर्गातला अंदाज आणि हे उत्तर यात जमीन-अस्मानाचा फरक. अजून पुढे, खिशात १००० ऐवजी दहा लाख घेऊन गेलात तरी उत्तर जवळपास तेच, कारण मर्यादा किती घेऊन आलात यावर नाही तर किती जिंकायचंय यावर ठरते, ९ दशांशचा शंभरावा घात. टेबलावरचा तो जरासा उतार प्रत्येक डावात खाली ओढत राहतो आणि नशिबाचे चढउतार त्याला पुरे पडत नाहीत. हे सगळं आधीच्या रिकरन्सच्या लेक्चरमधल्याच हत्याराने सुटतं, तेव्हा झोप आली होती त्याचं वाईट वाटलं.

आता कमी काय आहे ते. २०१० मध्ये लॉजिक आणि सेट हे धावत धावत आहेत. क्वांटिफायरची ('प्रत्येक' आणि 'एक तरी आहे' हे शब्द) अदलाबदल केली की अर्थ कसा पलटतो (प्रत्येक कुलपाला किल्ली आहे, आणि एकच किल्ली सगळ्या कुलपांना लागते, ह्यातला फरक) हे ज्यांना आधीच नीट माहिती आहे त्यांना अडचण नाही, पण नवख्याला पहिल्या आठवड्यातच धाप लागेल. त्यासाठी २०१५ ची आवृत्ती घ्या, तिथे लॉजिक, सेट, अनंत सेट, त्यांच्यावरचं गणितज्ञ कॅंटरचं काम, त्याच्यावरून हॉल्टिंग प्रॉब्लेम (कुठलाही प्रोग्राम थांबेल की नाही हे दुसरा प्रोग्राम नेहमी सांगू शकत नाही) हे सगळं शांतपणे आहे, व्हिडिओ छोटे आहेत आणि मधले प्रश्न तुम्हाला झोपू देत नाहीत. मेयर आजोबा हळू बोलतात, पण मुद्दा सोडत नाहीत. ग्रुप थिअरी, बूलियन अल्जिब्रा, ऑटोमेटा हे तिथेही शोधू नका, सिलॅबसला असेल तर दुसरीकडे बघावं लागेल.

कोर्सचं पुस्तक पीडीएफमध्ये आहे, त्याची नवी आवृत्ती हजाराच्या आसपास पानांची आहे आणि फुकट आहे. ते पहिल्या पानापासून वाचायला घेऊ नका, पन्नासाव्या पानावर सोडून द्याल. लेक्चर बघा, मग तेवढाच धडा उघडा आणि त्यामागचे प्रॉब्लेम घ्या. प्रॉब्लेमचा ढीग आहे, सगळे करायची गरज नाही, पण ज्यात 'खालच्या प्रूफमध्ये चूक शोधा' असं असेल ते एकही सोडू नका, कोड रिव्ह्यू करणाऱ्याला तर फारच उपयोगी.

एक अडचण मात्र कुठलाच व्हिडिओ सोडवू शकत नाही. तुम्ही लिहिलेलं प्रूफ बरोबर आहे का हे सांगणार कोण? उत्तराचा आकडा ताडून बघता येतो, प्रूफ नाही. एमआयटीच्या मुलांची प्रूफ तपासायला माणसं असतात, घरी बसलेल्याला ती नाहीत. त्यामुळे जमलं तर जोडीदार बघा, एकाने लिहायचं आणि दुसऱ्याने प्रत्येक ओळीला 'कशावरून' विचारायचं, अगदी वैताग येईपर्यंत. तसा कोणी नसेल तर स्वतःचंच प्रूफ दोन दिवसांनी काढून वाचा, 'हे उघडच आहे' असं जिथे जिथे लिहिलेलं असेल तिथे हमखास भोक सापडतं.

बाकी किरकोळ: लॉगिन लागत नाही, सर्टिफिकेट मिळत नाही, इंग्रजी सबटायटल आहेत. फळ्यावरचं अक्षर मोबाइलवर दिसेल पण लॅपटॉपवरच बघा. सम्सची लेक्चर दीडपट स्पीडने चालतील, मॅचिंग आणि रँडम वॉकची मात्र साध्याच स्पीडने घ्या. पाचपैकी साडेचार, अर्धा काउंटिंगसाठी कापला.